जलाशयाच्या काठी काय पाहता?

शास्त्रपाठ : यशया २२:८-१४, मार्क ६:३०-४४



पाऊस ओसरू लागला की आपल्या मंडळ्यांतून वनभोजनाची बोलणी सुरू होतात. तरुण संघाचा चिटणीस बसची चौकशी करू लागतो, महिला मंडळात भाकऱ्या कोणी आणायच्या आणि रस्सा कोणी करायचा याची वाटणी होते, आणि स्थळाचा प्रश्न निघाला की उत्तर बहुतेक वेळा पाण्याकाठचेच येते. पुणेकर खडकवासल्याला किंवा पवनेला जातात, नाशिककर गंगापूर धरणावर, नागपूरची मंडळी अंबाझरीला किंवा रामटेकजवळच्या खिंडसीला, नगर-संगमनेरची भंडारदऱ्याला. नोकरीधंद्यानिमित्त महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांनाही पाण्याची उणीव नाही. भोपाळात मोठा तलाव आहे, हैदराबादेत हुसेनसागर आहे, आणि दक्षिणेत सुटीला गेलेले कुटुंब कोडाईकनालच्या तळ्याभोवतीची सुमारे पाच किलोमीटरची फेरी पायी घातल्याशिवाय परतत नाही. ते तळेही माणसाने अडवलेलेच आहे. मदुरेचा कलेक्टर लेव्हिंज याने ते १८६३ मध्ये बांधवून घेतले.

एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली आहे काय? मराठीत आपण 'जलाशय पाहायला जाऊ' असे सहसा म्हणत नाही. आपण म्हणतो, 'धरणावर जाऊ.' धरण म्हणजे पाणी धरून ठेवणारी भिंत. समोर मैलोन्‌मैल पाणी पसरलेले असते, त्यात डोंगरांची प्रतिबिंबे पडलेली असतात, आणि आपल्या तोंडी नाव येते ते भिंतीचे. शब्दांचा व्यवसाय करणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट खटकत राहते. आजचे मनन काहीसे ह्या खटकण्यातूनच निघाले आहे.

परंतु आधी एका जुन्या आक्षेपाचा विचार करू. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांना असले फिरणे ही चैन वाटत असे, आणि काहींना आजही वाटते. देवाच्या कामाला माणसे कमी पडत असता तळ्याकाठी हवा खात हिंडायचे, हे त्यांच्या मनाला पटत नाही. त्यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे, पण शास्त्राचा आधार त्यांना मिळेल असे वाटत नाही. मार्काच्या सहाव्या अध्यायात बारा प्रेषित आपली पहिली सेवाफेरी आटोपून परत येतात आणि केलेले व शिकवलेले सर्व प्रभूला सांगतात. त्यावर प्रभू त्यांना दुसरी फेरी नेमून देत नाही. तो त्यांना एकांत ठिकाणी येऊन थोडे विसावण्यास सांगतो. येणारे-जाणारे इतके होते की त्यांना जेवायलाही सवड मिळेना, हे कारण मार्क स्वतः नोंदवतो. येथे विसाव्यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे तेच, कष्टी व भाराक्रांत जनांना प्रभूने दिलेल्या मत्तयातील सुप्रसिद्ध आमंत्रणात आहे. तारणाच्या आमंत्रणात शोभणारा शब्द प्रभू दमलेल्या माणसांच्या जेवणाला आणि झोपेला लावतो. मला हे फार सांत्वनदायक वाटते. आपला देव आत्म्याचा विसावा एका कपाटात आणि शरीराचा दुसऱ्या कपाटात ठेवीत नाही.

आणि हा विसावा त्यांना कोठे मिळाला? एकांत स्थळी तर मिळालाच नाही, कारण तेथे ते पोहोचण्यापूर्वीच लोक पोहोचले होते. मिळाला तो मचव्यात, पाण्यावर. सरोवराच्या उत्तर काठाने जायचे तर काही किलोमीटरांचेच अंतर. तेवढा प्रवास, तेवढाच विसावा. वर्षातून एक दिवस धरणावर जाणाऱ्या कारकुनाला, परिचारिकेला, शिक्षिकेला हे ठाऊक असते की विसावा असाच तुकड्यातुकड्याने मिळतो.

ह्या सरोवराविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्यापैकी अनेकांच्या मनात 'गालील समुद्र' ह्या नावामुळे अथांग सागराचे चित्र उभे राहते. वस्तुतः ते गोड्या पाण्याचे तळे आहे. लांबी सुमारे २१ किलोमीटर, सर्वांत रुंद ठिकाणी १३ किलोमीटरांच्या आत-बाहेर. समुद्रसपाटीपेक्षा ते सुमारे २१० मीटर खाली आहे, आणि भोवतालच्या टेकड्यांवरून वारा एकाएकी उतरला की पाणी खवळते. इब्री भाषेत समुद्र आणि मोठे तळे या दोहोंना 'याम' हा एकच शब्द पुरतो. मत्तय, मार्क व योहान यांनी तोच प्रघात ग्रीकमध्ये चालवून 'समुद्र' म्हटले. एकटा लूक, ज्याने भूमध्य समुद्रावरच्या प्रवासाचे आणि फुटलेल्या गलबताचे वर्णन लिहिले, तो मात्र न चुकता 'सरोवर' हाच शब्द वापरतो. खरा समुद्र ठाऊक असलेल्या माणसाला तळ्याला समुद्र म्हणवेना, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आज हे सरोवरही एका अर्थी जलाशय झाले आहे. त्याच्या दक्षिण टोकाला, जेथून यार्देन बाहेर पडते तेथे, १९३२ मध्ये दगान्या येथे पाणी नियंत्रित करणारा बंधारा झाला, आणि १९६४ पासून त्याचे पाणी उपसून नळांनी व कालव्यांनी देशाच्या दक्षिणेकडे नेले जाऊ लागले. १९८६ च्या जानेवारीत, अवर्षणामुळे पाणी मागे हटले असता, चिखलात रुतलेला एक मचवा सापडला. तो साधारण आठ मीटर लांब असून ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा आहे. पाणी आपल्याखालचे विसरत नाही. आपणच वरून पाहतो आणि सपाट, निळे, सुंदर एवढेच म्हणून पुढे जातो.

आता मार्काच्या वृत्तांतातील एक क्रियापद पाहा. प्रभू मचव्यातून उतरतो आणि त्याला लोकसमुदाय दिसतो. तो पाहतो, आणि पाहिल्याबरोबर त्याला त्यांचा कळवळा येतो. सुटी हुकलेल्या माणसाची चिडचिड आपणा सर्वांना परिचित आहे; येथे तिचा मागमूस नाही. विसाव्याला निघालेल्या प्रभूचे डोळे मिटलेले नव्हते. मार्कही तसाच डोळस लेखक आहे. लोकांना बसवले ते हिरव्या गवतावर, असे तो मुद्दाम सांगतो. गालीलात पाऊस हिवाळ्यात पडतो, वसंतात वल्हांडणाच्या सुमारास टेकड्या हिरव्या असतात, आणि लवकरच गवत करपून जाते. तो हिरवेपणा थोड्या दिवसांचा पाहुणा आहे हे ओळखून मार्काने तो टिपला. मग लोक ओळीओळीने बसले, तेव्हा त्यांच्या गटांसाठी त्याने जो शब्द वापरला तो मूळचा भाजीच्या मळ्यातला आहे. 'प्रासिया' म्हणजे वाफा. रंगीबेरंगी वस्त्रे ल्यालेली माणसे हिरवळीवर वाफ्यावाफ्यांनी बसलेली त्याला दिसली. मराठीइतका नेमका प्रतिशब्द ह्या ठिकाणी थोड्याच भाषांना लाभला असेल. आमच्या कामात असे क्षण क्वचित येतात. आले की दिवसभर चहा गोड लागतो.

जेवण झाल्यावर उरलेले तुकडे गोळा करण्यात आले, बारा टोपल्या भरून. काही वाया जाऊ नये असे प्रभूने सांगितले होते, हे योहानाच्या शुभवर्तमानात वाचायला मिळते. पाच हजारांवर माणसे जेवून उठल्यानंतर तो काठ स्वच्छ होता. आपल्या धरणांच्या काठी पत्रावळ्या, प्लॅस्टिकचे पेले आणि फुटलेल्या बाटल्या पाहिल्या की ह्या वचनावर वेगळे प्रवचन देण्याची आवश्यकता उरत नाही.

प्रियजनहो, प्रभूच्या पाहण्याशेजारी आता यशयाचे वचन ठेवू या. हे वचन जलाशयाविषयी आहे, आणि वनभोजनाच्या आमंत्रणपत्रिकेवर छापण्यासारखे खचितच नाही.

अश्शूराचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला त्या काळाचा, म्हणजे ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या अखेरचा, हा प्रसंग. यरुशलेमेत संरक्षणाची एकच धांदल उडाली. शस्त्रागार तपासले गेले, कोटाची भगदाडे मोजली गेली, पाणी गोळा केले गेले. नगरातील घरांची मोजदाद करून कोट भक्कम करण्यासाठी काही घरे पाडण्यात आली. दोन तटांच्या मध्ये एक जलाशय बांधण्यात आला. इतके सांगून झाल्यावर संदेष्टा त्यांना म्हणतो की, हे सारे तुम्ही केले, पण हे ज्याने केले त्याच्याकडे तुम्ही लक्ष दिले नाही, ज्याने फार पूर्वीच हे घडवले त्याला तुम्ही पाहिले नाही. आणि लगेच पुढे, जेव्हा शोक करण्याची वेळ होती तेव्हा त्या नगरात काय चालले होते? बैल कापले जात होते, मेंढरे कापली जात होती, मांस आणि द्राक्षारस यांची रेलचेल होती.

पाडलेली घरे, मग जलाशय, आणि मग मेजवानी. हा क्रम मी मूळ भाषेत प्रथम सावकाश वाचला तेव्हा मला आपले डोंगर आठवले.

यशयाने जलाशय बांधण्याला दोष दिलेला नाही, हे नीट समजून घ्यावे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात हिज्कीयाचा तलाव आणि नगरात पाणी आणणारा त्याचा नळ ही त्याच्या पराक्रमाची खूण म्हणून नोंदलेली आहेत. खडकातून खोदलेले ते सुमारे ५३३ मीटरांचे भुयार आजही पाहता येते. दोन टोकांकडून खोदत आलेले कामगार मध्ये एकमेकांना कसे भेटले, हे सांगणारा कोरीव लेख त्यात १८८० मध्ये सापडला. शहाण्या राजाने प्रजेसाठी पाण्याची तजवीज करावी यात पाप नाही. दोष आहे तो न पाहण्याचा. इब्री वचनात पाहण्याची दोन क्रियापदे आहेत. एक रोखून पाहण्याचे, दुसरे साधेच दृष्टीस पडण्याचे. रोखून तर पाहिले नाहीच, सहजही दृष्टी गेली नाही, असा त्याचा भाव आहे. आणि 'घडवणे' ह्या अर्थाचे क्रियापद तेच आहे जे कुंभाराच्या कामाला आणि आदामाच्या निर्मितीला लावले जाते. देवाने घडवले ते काय, तर ही सर्व घटना, असे पुष्कळ भाष्यकार मानतात. परंतु जलाशयासाठी आलेला 'मिक्वा' हा शब्दही व्याकरणात स्त्रीलिंगी आहे, तेव्हा वाचकाने दोन्ही अर्थ मनात बाळगावेत असे मी म्हणेन.

ह्या 'मिक्वा'चा जवळचा भाऊ 'मिक्वे' उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात भेटतो. देवाने जलांच्या संचयाला समुद्र म्हटले, तेथे संचय म्हणजे मिक्वे. इब्रीत अगदी ह्याच रूपाचा दुसरा अर्थ आहे आशा. यिर्मया सतराव्या अध्यायात परमेश्वराला इस्राएलाची मिक्वे म्हणतो आणि त्याच दमात त्याला जिवंत पाण्याचा झरा म्हणतो. दोन्ही अर्थांशी तो खेळतो आहे हे उघड आहे. मराठीत ही गंमत आणता येत नाही. 'आशा' लिहिले की पाणी सांडते, 'संचय' लिहिले की आशा जाते. पण भंडारदऱ्याच्या काठी उभे राहिले की भाषांतराची ती अडचण काही अंशी सुटते.

भंडारदऱ्याचेच उदाहरण घेण्याचे कारण असे की, त्या पाण्याशी आपल्या मंडळीचा संबंध जुना आहे. सह्याद्रीच्या ऐन माथ्याशी, रतनगडाच्या परिसरात प्रवरा उगम पावते. एका बाजूला १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर. घाटघर, साम्रद, रतनवाडी ही काठची गावे. घाटघराला नगर जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात, आणि तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडे राहुरी-श्रीरामपूरच्या बाजूला पडणारा पाऊस याच्या साधारण एक दशांश. एका टोकाला पाण्याचा पूर आणि दुसऱ्या टोकाला कोरडी विहीर. १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी त्या मुलखाची जी दैना केली ती आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यातून आपण ऐकली आहे. आपल्यापैकी कितीतरी घराण्यांचा ख्रिस्ती इतिहासच त्या भुकेच्या वर्षांच्या आगेमागे सुरू होतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारने प्रवरा अडवण्याचे ठरवले. १९१० मध्ये काम सुरू झाले आणि १९२६ मध्ये पुरे झाले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव धरणाला मिळाले. भिंतीची उंची सुमारे ८२ मीटर, आणि पाठीमागे साठणारे पाणी ११ अब्ज घनफुटांच्या घरात. साधारणतः ऑगस्टच्या मध्याला ते भरते. तेथून सोडलेले पाणी नदीपात्राने रंधा धबधब्यावरून खाली येते, ओझरच्या बंधाऱ्याशी डाव्या व उजव्या कालव्यात वळते, आणि संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे ह्या तालुक्यांच्या शेतांत वाफ्यावाफ्याने पसरते. ज्या नेवाश्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते गाव ह्याच नदीच्या काठचे. ज्या राहुरी-श्रीरामपूरच्या वस्त्यांतून आपले कितीतरी शिक्षक, पाळक आणि परिचारिका बाहेर पडल्या आणि पुढे मुंबई, जबलपूर, बंगलोरपर्यंत गेल्या, त्या वस्त्यांच्या विहिरींना ह्याच कालव्यांचा पाझर.

तेव्हा वाचकहो, भंडारदऱ्याच्या काठावर सकाळी फिरताना पायाशी जे पाणी दिसते ते तुमच्या आजोबांच्या मळ्यातले पाणी आहे. भिंतीवर गव्हर्नरचे नाव आहे. पावसावर कोणाचे नाव नाही. पाच हजार मिलिमीटर पाऊस कोणत्याही खात्याच्या अंदाजपत्रकात मंजूर होत नाही. ज्याने फार पूर्वी हे घडवले त्याच्याकडे पाहा, असे यशया म्हणतो ते येथे अगदी शब्दशः घेता येते. ढग पश्चिमेकडून येतात, कड्याला अडतात, रिते होतात; हा नेम विल्सनसाहेबाच्या पूर्वीचा आहे. उपकारस्तुतीसाठी एवढे पुरे. मोठ्या आवाजातल्या ध्वनिवर्धकाची आवश्यकता नाही, खरे म्हणजे तो आणूच नये. हा परिसर १९८६ पासून घोषित अभयारण्याचा भाग आहे, आणि तेथे राहणाऱ्या पाखरांनी आपल्या तरुण संघाच्या वाद्यवृंदाची मागणी केलेली नाही.

आता पाडलेल्या घरांकडे वळू. ह्याच वाक्यापाशी पुष्कळ प्रवचने घाईने पुढे सरकतात.

डोंगराळ भागात नदीचे खोरे हीच सपाट जमीन, आणि सपाट जमीन तीच भातशेती. खोरे अडवले की पहिल्यांदा बुडतात ती खाचरे, वहिवाटीच्या वाटा आणि घरे. मुळशीचे धरण होऊ घातले तेव्हा मावळच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ पर्यंत सत्याग्रह केला, तुरुंगवास सोसला, आणि तरीही जमिनी गेल्या. आज मुळशीच्या पाण्याकाठी सूर्यास्त पाहायला मोटारींची रांग लागते. कोयनेच्या शिवसागराने विस्थापित झालेल्यांचे प्रश्न दोन-तीन पिढ्यांनंतरही मिटलेले नाहीत. उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाले. त्याच्या पाण्यात गेलेले पळसदेवचे जुने देऊळ, पाणी फार आटले की पुन्हा दिसू लागते, आणि लोक ते पाहायला जातात. गालीलच्या चिखलातला तो मचवा आणि भीमेच्या गाळातले हे देऊळ, दोन्ही अवर्षणाच्या वर्षी वर येतात. परंतु मचव्याचे मालक मरून दोन हजार वर्षे झाली. पळसदेवसारख्या गावांतल्या माणसांची मुले आज हयात आहेत.

आणि घर सोडावे न लागताही पाणी हिरावले जाते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा यांचे जलाशय आहेत; मुंबईच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा तेथून जातो. त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणारी बाई आणि तळ्याचे छायाचित्र काढणारा पाहुणा, दोघेही एकाच पाण्याकडे पाहत असतात.

मग काय, फिरायला जाऊच नये? असे मी म्हणत नाही. प्रभूने विसाव्याला पाठवले आहे, ते आमंत्रण मागे घेण्याचा अधिकार कोणाही प्रवचनकाराला नाही. घरात बसून राहिल्याने बुडालेले शेत वर येत नाही. पण विसावा कोणाकोणाचा, हा प्रश्न शास्त्रच विचारते. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा पुन्हा दिली आहे, आणि तेथे कारण म्हणून जे सांगितले आहे ते मन हलवणारे आहे. तू काम थांबव, म्हणजे तुझ्या बैलाला आणि गाढवाला विसावा मिळेल, तुझ्या दासीच्या मुलाला आणि परक्याला दम घेता येईल. येथले इब्री क्रियापद 'नेफेश' ह्या शब्दाच्या कुळातले आहे. नेफेश म्हणजे प्राण, जीव. प्राण परत येणे, जीव खाली पडणे असा त्याचा अर्थ. आणि निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात हेच क्रियापद खुद्द परमेश्वराला लावलेले आहे. सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी देवाला जसे वाटले, तसे दासीच्या पोराला वाटले पाहिजे. एवढ्या उंचीवर ही आज्ञा उभी आहे.

आपल्या सहलीत दासीचे पोर कोण? वल्हे मारणारा नावाडी. मक्याची कणसे भाजणारी मुलगी, जी शनिवार-रविवारी शाळेच्या अभ्यासाला बसत नाही कारण पाहुणे त्याच दिवशी येतात. रतनवाडीच्या अंगणात आपल्यासाठी चुलीवर भाकरी थापणारी मावशी. आपल्याबरोबर आणलेला बसचा चालक, ज्याला आपण दिवसभर गाडीतच बसवून ठेवतो आणि जेवण सगळ्यांचे आटोपल्यावर ताट पाठवतो. यांच्यापैकी एकाचाही जीव आपल्या येण्याने थोडा खाली पडला काय? दहा रुपयांसाठी कणसेवालीशी घासाघीस करून मग काठावर बसून तेविसावे स्तोत्र म्हणणाऱ्या माणसांत आपण नसावे. त्या स्तोत्रातले शांत पाणी इब्रीत विसाव्यांचे पाणी आहे, आणि 'विसावे' हा शब्द तेथे अनेकवचनी आहे. मी त्या अनेकवचनाचा व्याकरणापलीकडे फार अर्थ काढू इच्छित नाही, पण भाकरी थापणाऱ्या मावशीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

एक गोष्ट येथे सांगून टाकतो, ती प्रवचनाची नसली तरी पाळकाची निश्चित आहे. जलाशयाच्या पाण्यात पोरांना उतरू देऊ नका. नैसर्गिक तळ्याप्रमाणे त्याचा तळ बेताने उतरत जाईलच असे नाही. जुने नदीपात्र, दगडांच्या ताली, झाडांचे बुंधे आणि साचलेला गाळ वरून दिसत नाही. दोन पावलांवर गुडघाभर आणि तिसऱ्या पावलावर पुरुषभर पाणी, असे सहज घडते. धबधब्याखालची जागा तर पावसात क्षणात बदलते. २०२४ च्या ३० जूनला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेले, त्यांत लहान मुले होती. सहलीच्या दिवशी सकाळी प्रार्थनेत संरक्षण मागायचे आणि दुपारी बारा-चौदा वर्षांची मुले कोणाच्याही नजरेविना काठावर सोडायची, ह्याला विश्वास म्हणता येणार नाही. मंडळीने दोन जबाबदार माणसे नेमावीत, त्यांनी त्या दिवशी गप्पा मारू नयेत, पत्ते खेळू नयेत, पाण्याकडे आणि मुलांकडे पाहत बसावे. तेही पाहणेच आहे.

हिज्कीयाच्या त्या भुयाराचे पाणी जेथे पडते तेथे शिलोहाचे तळे आहे. ख्रिस्ताच्या काळच्या त्या तळ्याच्या पायऱ्या २००४ मध्ये यरुशलेमेत उघडकीस आल्या. योहानाच्या नवव्या अध्यायात प्रभू एका जन्मांधाच्या डोळ्यांना चिखल लावतो आणि त्याला त्याच तळ्यात धुवायला पाठवतो. ज्या जलाशयांच्या बांधकामात दंग झालेल्या नगराला यशयाने म्हटले होते की तुम्ही पाहिले नाही, त्याच नगराच्या पाण्यावरून सुमारे सातशे वर्षांनी एक माणूस डोळस होऊन परतला. त्याने प्रथम काय पाहिले हे योहान सांगत नाही. शेजाऱ्यांना मात्र तो आता ओळखू येईना. इतकी वर्षे त्यांनी त्याला भीक मागताना पाहिले होते, तरी त्याचा चेहरा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता असे दिसते.

यंदा तुमच्या मंडळीचे वनभोजन ठरत असेल तर माझी एक सूचना आहे, आणि ती अमलात आणायला पैसा लागत नाही. डबे उघडण्यापूर्वी मार्काचा सहावा अध्याय, तीस ते चौरेचाळीस ही वचने, काठावर बसून मोठ्याने वाचावीत. लहान मुलामुलींपैकी कोणी वाचली तर अधिक बरे. मग पाच-सात जणांनी गावात जाऊन एखाद्या वृद्धाशी बसून बोलावे. चहा पाजावा, घाई करू नये. 'आजोबा, पाणी यायच्या आधी येथे काय होते?' एवढेच विचारावे. ते हात करून दाखवतील. येथे अमक्यांचे खाचर होते, तेथून वाट जात होती, तेथे आंब्याचे झाड होते, असे काही सांगतील. त्यांच्या वडिलांनी सांगितलेले ते सांगत असतील, तरी चालेल. पाण्याखालच्या जागेला नाव असेल, एखाद्या वाडीचे किंवा शेताचे. ते नीट ऐकून, त्यांच्या उच्चारात, वहीत लिहून घ्यावे. आणि पुढच्या रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत, आजाऱ्यांची व प्रवाशांची नावे घेतली जातात तेथे, ते नाव घ्यावे.